तळाशी गेलं की सूत्र अडतं: शेततळं, विहीर आणि सिंग्युलॅरिटी असलेलं समाकलन

ट्रॅपेझॉयडल रूल आणि सिम्प्सन रूल तुम्ही शिकला आहात. वक्राखालचं क्षेत्रफळ पट्ट्या पाडून काढायचं, पट्ट्या जितक्या बारीक तितकं उत्तर अचूक, हे तुम्हाला पाठ आहे. परीक्षेत गणितं येतात तीही अशीच गुळगुळीत फलनांची. पण शेतातलं, पाण्याचं, मातीचं गणित करायला बसलात की फलन नेमकं एका टोकाला अनंताकडे पळतं. अशा जागेला सिंग्युलॅरिटी म्हणतात. तिथे आपले पाठ केलेले नियम कसे फसतात आणि त्यांना कसं सावरायचं, हे आज आपण दोन वऱ्हाडी उदाहरणांतून पाहू: एक शेततळ्याचं, एक विहिरीचं.

१. प्रश्न: तळं रिकामं व्हाले किती वेळ लागते?

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथलं जमिनीतलं पाणी खारं, म्हणून विहीर असूनही ओलिताची पंचाईत. पावसाचं गोडं पाणी अडवून ठेवणारं शेततळं तिथे मोठा आधार आहे. २०१६ मध्ये राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. तिच्यातल्या मोठ्या तळ्याचं माप ३० × ३० × ३ मीटर होतं. बाजूंचा उतार १ : १ धरला, तर वरची बाजू ३० मीटर, खोली ३ मीटर आणि तळाची बाजू २४ मीटर येते. आकारमान भरतं २१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर.

आता समजा, हे तळं उतारावर आहे आणि तळाच्या पातळीला १० सेंटीमीटर व्यासाचा पाइप बसवला आहे. मोटर नाही, वीज नाही. वॉल्व्ह उघडला की पाणी आपल्या वजनानं खालच्या वावरात जातं. भरलेलं तळं पूर्ण रिकामं व्हायला किती वेळ लागेल? रात्री वॉल्व्ह उघडून झोपायचं की दुसऱ्या दिवशीही धुऱ्यावर हजर राहायचं, हे या उत्तरावर ठरतं.

टॉरिचेलीनं १६४४ मध्ये मांडलेला नियम असा: पाण्याची खोली 'ख' असेल तर तळाच्या छिद्रातून पाणी √(२ × ९.८१ × ख) एवढ्या वेगानं बाहेर पडतं. छिद्राशी धार आकसते, म्हणून साधारण ०.६ चा गुणांक लावतात. (पाइप लांब असेल तर घर्षणामुळे तो आणखी कमी होतो. आपण ०.६ धरू.) पाइपचं क्षेत्रफळ ०.००७८५४ चौरस मीटर. सगळे आकडे गुणले की दर सेकंदाला बाहेर पडणारं पाणी असं मिळतं:

प्रवाह = ०.०२०८७ × √ख घनमीटर

खोली 'ख' असताना पाण्याच्या पृष्ठभागाची बाजू (२४ + २ख) मीटर, म्हणून पृष्ठफळ (२४ + २ख)². खोली किंचित उतरायला लागणारा वेळ म्हणजे तेवढ्या थराचं आकारमान भागिले प्रवाह. सगळे थर मिळवले की

एकूण वेळ = (१ / ०.०२०८७) × समाकलन [ (२४ + २ख)² / √ख ], ख = ० ते ३

कंसातल्या फलनाला आपण 'फ(ख)' म्हणू. इथेच गोम आहे. ख = ० ठेवलं की छेदात शून्य येतं. तळाशी फलन अनंत होतं.

२. सरळ पद्धतीनं काय होतं?

अर्ध्या अर्ध्या मीटरच्या सहा पट्ट्या घेऊ. किमती अशा येतात:

ख = ०.५ → ८८३.८८
ख = १.० → ६७६.००
ख = १.५ → ५९५.२३
ख = २.० → ५५४.३७
ख = २.५ → ५३१.९०
ख = ३.० → ५१९.६२
ख = ० → ?

एक्सेलमध्ये हे करून पाहा, पहिल्या खान्यात 'भागिले शून्य'ची चूक दिसेल. मग मुलं दोनपैकी एक युक्ती करतात.

युक्ती पहिली: ती किंमत शून्य धरून पुढे जायचं. ट्रॅपेझॉयडल रूलनं समाकलन १७५०.६ येतं, म्हणजे वेळ २३.३ तास.

युक्ती दुसरी: शून्याऐवजी ०.०००१ ठेवायचं. मग पहिली किंमत येते ५७,६०१. तिचा अर्धा भाग पट्टीच्या रुंदीनं गुणला की १४,४०० ची भर पडते. समाकलन १६,१५१ आणि वेळ २१५ तास, म्हणजे जवळपास नऊ दिवस!

एकच तळं, एकच पाइप, आणि उत्तरं २३ तास आणि नऊ दिवस. ०.०००१ ऐवजी ०.००००१ घेतलं असतं तर आणखी तिसरंच उत्तर आलं असतं. खरं उत्तर हातानं काढता येतं, कारण कंस सोडवला की √ख च्या साध्या घातांचं समाकलन उरतं:

११५२√ख + ६४ख√ख + १.६ख²√ख, ख = ३ → २३५२.८

वेळ = २३५२.८ / ०.०२०८७ = सुमारे १,१२,७०० सेकंद = ३१.३ तास.

पहिली युक्ती ८ तासांनी कमी पडली आणि दुसरी कित्येक दिवसांनी पुढे गेली. कॉम्प्युटरनं मात्र दोन्ही वेळा निमूटपणे आकडा दिला. सिंग्युलॅरिटीचा खरा धोका हाच आहे. 'भागिले शून्य' दिसलं तर निदान आपण थांबतो. ते झाकून टाकलं की चूक दिसतच नाही.

३. असं का होतं?

चूक कुठे झाली ते शोधू. ० ते ०.५ मीटर ही पहिली पट्टी घ्या. खरं क्षेत्रफळ ८३७.५ आहे. शून्य धरून ट्रॅपेझॉयडल रूल त्याला फक्त २२१.० देतो. बाकीच्या पाच पट्ट्यांत मिळून चूक जेमतेम १४ ची आहे. म्हणजे जवळपास सगळा बिघाड एका पट्टीत आहे.

तळ्याच्या भाषेत याचा अर्थ असा. तळं भरलेलं असताना वरचे १० सेंटीमीटर उतरायला सुमारे ४२ मिनिटं लागतात. तळाचे शेवटचे १० सेंटीमीटर उतरायला ४ तास ५२ मिनिटं लागतात, आणि त्यातलाही शेवटचा एक सेंटीमीटर दीड तास खातो. पाणी कमी तसा दाब कमी, दाब कमी तसा प्रवाह कमी. (प्रत्यक्षात शेवटी पाइपात हवा शिरते आणि सूत्र तिथे थोडं ढिलं पडतं. पण शेवट रेंगाळतो हे कोणीही तळं रिकामं करताना पाहिलेलं आहे.) वेळेचा मोठा वाटा जिथे आहे नेमकी तीच जागा आपण शून्य धरून पुसून टाकली.

"मग पट्ट्या वाढवा ना सर!" असं कोणीतरी म्हणेलच. वाढवून पाहू. टोकाची किंमत शून्य धरून:

६ पट्ट्या → ८ तासांची चूक
६० पट्ट्या → अडीच तासांची
६०० पट्ट्या → ४७ मिनिटांची
६००० पट्ट्या → १५ मिनिटांची

गुळगुळीत फलनात पट्ट्या दहापट केल्या की ट्रॅपेझॉयडल रूलची चूक शंभरपट कमी होते. इथे दहापट कष्ट केल्यावर चूक फक्त ३.१६ पट कमी होते, म्हणजे √१० पट. कारण सोपं आहे. ट्रॅपेझॉयडल रूल समजतो की पट्टीच्या आत वक्र साधारण सरळ रेषेसारखा आहे. सिम्प्सन रूल समजतो की तो पॅराबोलासारखा आहे. १/√ख शून्यापाशी या दोन्हींसारखा नाही. पट्टी कितीही बारीक करा, पहिल्या पट्टीत वक्राचा आकार तसाच उभा राहतो. म्हणून 'सिम्प्सन वापरला की काम झालं' हेही इथे खरं नाही.

४. आधी तपासा: क्षेत्रफळ मर्यादित आहे का?

फलन अनंत झालं म्हणजे समाकलनही अनंत होतं असं नाही, हे पक्कं समजून घ्या. ० ते १ मध्ये १/क्ष^प या फलनाचं क्षेत्रफळ प हा १ पेक्षा लहान असेल तर मर्यादित असतं. प = १ किंवा जास्त असेल तर अनंत. १/√क्ष मध्ये प = १/२, म्हणून क्षेत्रफळ नेमकं २. उंच आहे, पण फार बारीक आहे.

१/क्ष चं काय? समजा तळ्याचं पाणी पाइपातून न जाता वाळूच्या थरातून झिरपून जातं. डार्सीनं १८५६ मध्ये दाखवलं की असा प्रवाह दाबाच्या सरळ प्रमाणात असतो, म्हणजे √ख च्या नव्हे तर ख च्या प्रमाणात. मग वेळेच्या सूत्रात १/ख येतं आणि समाकलन अनंत होतं. सूत्राप्रमाणे ते तळं पूर्ण रिकामं कधीच होत नाही, फक्त पाणी कमी कमी होत जातं.

कॉम्प्युटरला हा फरक कळत नाही. टोकाला शून्य धरून ट्रॅपेझॉयडल रूल दोन्ही फलनांना, ० ते १ मध्ये, असं उत्तर देतो:

१० पट्ट्या: १/√क्ष → १.५३८, १/क्ष → २.८७९
१०० पट्ट्या: १/√क्ष → १.८५४, १/क्ष → ५.१८२
१००० पट्ट्या: १/√क्ष → १.९५४, १/क्ष → ७.४८५

नुसती एकच ओळ पाहिली तर दोन्ही आकडे सारखेच विश्वासू वाटतात. तिन्ही ओळी पाहिल्या की भेद उघड होतो. डावीकडची वाढ मंदावते आहे: आधी ०.३१६, मग ०.१००. उजवीकडे दर वेळी सुमारे २.३ ची भर पडतेच आहे. २.३ हा १० चा नैसर्गिक लॉगॅरिदम. ही बेरीज कुठेही थांबणार नाही.

म्हणून नियम करून टाका: एका पट्टीसंख्येवर कधीच समाधान मानू नका. निदान तीन वेळा वाढवून उत्तर कसं सरकतं ते पाहा.

५. उपाय पहिला: चल बदला

ख = व² ठेवू. मग √ख = व, आणि ख मधला बारीक फरक म्हणजे २व गुणिले व मधला बारीक फरक. छेदातला व आणि वरचा व एकमेकांना कापतात:

समाकलन [ (२४ + २ख)² / √ख ], ख = ० ते ३
= २ × समाकलन [ (२४ + २व²)² ], व = ० ते १.७३२

सिंग्युलॅरिटी गेली! उरलं ते साधं बहुपद. आता सिम्प्सन रूल फक्त तीन किमतींवर लावा:

व = ० → ५७६
व = ०.८६६ (व² = ०.७५) → २५.५² = ६५०.२५
व = १.७३२ (व² = ३) → ९००

(१.७३२०५ / ६) × (५७६ + ४ × ६५०.२५ + ९००) = १७७३.२... असं कोणाचं आलं तर पुन्हा मोजा. कंसात ५७६ + २६०१ + ९०० = ४०७७ येतं. ४०७७ × ०.२८८६७५ = ११७६.९. त्याची दुप्पट २३५३.९.

खरं उत्तर २३५२.८. फरक १.०४, आणि वेळेत मोजला तर ५० सेकंद. आधी ६००० पट्ट्या पाडून १५ मिनिटांची चूक उरत होती. इथे तीन किमतींत मिनिटभराचीही उरली नाही. तळं तेच, पाणी तेच. आपण फक्त खोलीच्या जागी खोलीच्या वर्गमुळानं मोजायला लागलो. त्यामुळे तळाजवळचा जो भाग आधी एका पट्टीत कोंबला होता तो आता पसरून मांडला गेला.

१/क्ष^प या फलनासाठी क्ष = व^म घ्या. नवा घात म(१ − प) − १ होतो. तो शून्य किंवा धन पूर्णांक येईल असा 'म' निवडा, म्हणजे काम फत्ते.

६. उपाय दुसरा: चुकीलाच कामाला लावा

कधी कधी फलन सूत्रात नसतं, फक्त प्रयोगाच्या नोंदी असतात आणि चल बदलणं जमत नाही. पण सिंग्युलॅरिटी १/√क्ष प्रकारची आहे एवढं माहीत असतं. कोरड्या मातीत पाणी मुरण्याचा वेग हे याचं उदाहरण. ऑस्ट्रेलियाचे मृदाशास्त्रज्ञ जॉन फिलिप यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सूत्राप्रमाणे हा वेग सुरुवातीला १/√(वेळ) या प्रमाणात असतो. कृषीचे विद्यार्थी डबल रिंग इन्फिल्ट्रोमीटर रोवून हेच मोजतात. (आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हातभर भेगा पडलेल्या असतात. तेव्हा पाणी भेगांतून सरळ खाली जातं आणि हे सूत्र जसंच्या तसं लागू होत नाही. भेगा मिटल्यावरचं मोजमाप घ्यावं.)

अशा वेळी चुकीचा स्वभाव वापरता येतो. पट्ट्या चौपट केल्या की चूक निम्मी होते, कारण ती √(पट्टीची रुंदी) च्या प्रमाणात आहे. १/√क्ष साठी, टोक शून्य धरून:

४ पट्ट्या → १.२६७२
१६ पट्ट्या → १.६३४७

चूक निम्मी झाली असेल तर खरं उत्तर = २ × दुसरं − पहिलं = ३.२६९५ − १.२६७२ = २.००२३.

खरं उत्तर २ आहे. दोन्ही आकडे एकेकटे निरुपयोगी होते, एकत्र आणल्यावर चूक हजारात एकवर आली. तीच अचूकता नुसत्या पट्ट्या वाढवून हवी असेल तर चार लाखांहून जास्त पट्ट्या लागतील. लक्षात ठेवा, गुळगुळीत फलनासाठी पुस्तकात दिलेलं रिचर्डसनचं सूत्र (चारपट आणि तीननं भागणं) इथे लावलं तर चालणार नाही. चूक कोणत्या घातानं कमी होते ते आधी ठरवायचं, मग सूत्र लावायचं.

७. उपाय तिसरा: अवघड भाग वेगळा काढा

आता विहिरीकडे वळू. वरुड आणि मोर्शी हे संत्र्याचे तालुके. बागा जगवायला तिथे विहिरी आणि बोअरमधून पाण्याचा प्रचंड उपसा होतो आणि पातळी खोल गेली आहे. अशा भागात धुऱ्यावरचं नेहमीचं भांडण असतं: "तुह्या बोअरनं माह्या विहिरीचं पाणी ओढलं." खरंच किती ओढलं?

अमेरिकेचे भूजलशास्त्रज्ञ चार्ल्स थाइस यांनी १९३५ मध्ये याचं सूत्र दिलं. सतत उपसा चालू असताना काही अंतरावर पातळी किती उतरते ते असं:

घट = [ उपसा / (४ × ३.१४१६ × वहनक्षमता) ] × डब्ल्यू(य)

डब्ल्यू(य) = समाकलन [ ई^(−क्ष) / क्ष ], क्ष = य ते अनंत

इथे ई म्हणजे २.७१८, आणि य = (अंतर² × साठवण गुणांक) / (४ × वहनक्षमता × वेळ). हे सूत्र एकसारख्या, दूरवर पसरलेल्या, दाबाखालच्या जलधराचं आहे. पूर्णेच्या गाळाच्या थरांना ते काही प्रमाणात जवळचं आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या काळ्या पाषाणातल्या मोठ्या व्यासाच्या विहिरींना ते थेट लागत नाही, कारण खुद्द विहिरीत साठलेलं पाणीही मोजावं लागतं. त्यासाठी १९६७ मध्ये पापाडोपुलोस आणि कूपर यांनी वेगळं सूत्र दिलं. आपण साधं सूत्र घेऊन समाकलनावर लक्ष देऊ.

शिकण्यापुरते आकडे: उपसा दिवसाला २०० घनमीटर, वहनक्षमता दिवसाला १०० चौरस मीटर, साठवण गुणांक ०.०००४, शेजारची विहीर ५० मीटरवर, उपसा सलग अडीच दिवस. मग य = ०.००१.

य शून्याच्या अगदी जवळ आहे. क्ष = ०.००१ ला फलनाची किंमत ९९९ आहे! ०.००१ ते १ या भागाच्या दहा पट्ट्या पाडून ट्रॅपेझॉयडल लावलात तर पहिली पट्टीच एकटी ५०.३ देते. त्यावरून घट निघते ८ मीटर. शेजाऱ्याशी कोर्टात जायला एवढा आकडा पुरे!

आता नीट करू. फलन अवघड का आहे? १/क्ष मुळे. ते वेगळं काढा. १/क्ष चं समाकलन आपल्याला पाठच आहे. डब्ल्यू(य) चे तीन तुकडे होतात:

(अ) १/क्ष, य ते १. उत्तर हातानं: −लॉग(य). य = ०.००१ साठी ६.९०७८.

(ब) वजा (१ − ई^(−क्ष))/क्ष, य ते १. हे शून्यापाशी शांत आहे, तिथे त्याची किंमत १ होते. ० ते १ मध्ये सिम्प्सन, तीन किमती: १, ०.७८६९, ०.६३२१. (१ + ४ × ०.७८६९ + ०.६३२१)/६ = ०.७९६६. (० पासून घेतल्यानं फक्त ०.००१ चा फरक पडतो.)

(क) ई^(−क्ष)/क्ष, १ ते अनंत. इथे दुसरी अडचण, अंतर अनंत आहे. क्ष = १/व ठेवा. मग ई^(−१/व)/व चं ० ते १ समाकलन होतं, आणि व = ० ला किंमत शून्य आहे. चार पट्ट्यांचा सिम्प्सन ०.२१७३ देतो. खरी किंमत ०.२१९४.

बेरीज: ६.९०७८ − ०.७९६६ + ०.००१ + ०.२१७३ = ६.३२९५. तक्त्यातली किंमत ६.३३१५. घट = ०.१५९२ × ६.३३ = सुमारे १ मीटर. आठ नव्हे, एक!

आणखी एक गंमत पाहा. (क) आणि (ब) मधला फरक, ०.२१९४ − ०.७९६६ = −०.५७७२. हाच तो प्रसिद्ध ऑयलरचा स्थिरांक. म्हणून य लहान असताना डब्ल्यू(य) = −०.५७७२ − लॉग(य) एवढं पुरतं. कूपर आणि जेकब यांनी १९४६ मध्ये हेच रूप पंपिंग टेस्टसाठी सोपं करून दिलं. सिंग्युलॅरिटीला घाबरून पळालो असतो तर हे सूत्र हाती लागलं नसतं.

या लॉगचा अर्थही समजून घ्या. वेळ दहापट झाली की डब्ल्यू २.३ नं वाढतो, म्हणजे आपल्या उदाहरणात पातळी आणखी ३७ सेंटीमीटर खाली जाते. पुन्हा दहापट, पुन्हा ३७. वर चौथ्या भागात १/क्ष ची बेरीज थांबत नव्हती, तीच ही. भर पडली नाही आणि उपसा चालूच राहिला, तर सूत्राप्रमाणे पातळी मंदावते पण कुठेही स्थिर होत नाही. पावसाळ्यात पुनर्भरण हवंच, ते का, याचं गणिती कारण इथे दिसतं. अंतराचंही तसंच. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यानं पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवर बंधन घातलं. आपल्या आकड्यांत अंतर ५० ऐवजी ५०० मीटर केलं तर य = ०.१, डब्ल्यू = १.८२ आणि घट २९ सेंटीमीटर होते. अंतर दहापट, तरी परिणाम शून्य नाही.

८. तयार प्रोग्राम वापरताना

पायथनच्या सायपाय लायब्ररीतलं 'क्वॉड' हे क्वॉडपॅक या १९८३ च्या प्रोग्रामसंचावर चालतं. टोकाच्या सिंग्युलॅरिटीला ते बहुतेक वेळा छान सांभाळतं, कारण ते टोकाच्या बिंदूवर किंमत काढतच नाही आणि बेरजांचा कल पाहून पुढचं उत्तर ओळखतं. जपानचे ताकाहासी आणि मोरी यांनी १९७४ मध्ये दिलेली दुहेरी घातांकी पद्धत तर याच कामासाठी बनवली आहे. ती टोकाजवळ बिंदूंची इतकी दाटी करते की सिंग्युलॅरिटी विरून जाते.

पण सिंग्युलॅरिटी मधे असेल तर? उदाहरणार्थ १/√|क्ष − १/३|, ० ते १. प्रोग्रामला ती जागा ठाऊक नसते. तुम्हीच अंतर १/३ पाशी तोडून दोन समाकलनं करा. जागा ओळखण्याचं काम माणसाचं, आकडेमोड यंत्राची.

९. सराव

१) योजनेतलं लहान तळं १५ × १५ × ३ मीटर, उतार १ : १, पाइप तोच. चल बदलून तीन किमतींच्या सिम्प्सननं वेळ काढा. (उत्तर: सुमारे ५ तास ४४ मिनिटं.) खऱ्या उत्तरापासूनचा फरक मोठ्या तळ्याइतकाच, ५० सेकंद का येतो? इशारा: व⁴ चा सहगुणक पाहा.

२) लॉग(क्ष) चं ० ते १ समाकलन −१ आहे. टोक शून्य धरून १०, १०० आणि १००० पट्ट्यांनी काढा. चूक १/√क्ष पेक्षा लवकर कमी होते की उशिरा?

३) १/क्ष^०.९ चं ० ते १ समाकलन १० आहे. टोक शून्य धरून दहा लाख पट्ट्या घेतल्या तरी उत्तर ७.६ च्या आसपासच राहतं. योग्य 'म' निवडून एकाच पट्टीत १० आणून दाखवा.

४) विहिरीच्या उदाहरणात उपसा अडीचऐवजी २५ दिवस चालला तर ५० मीटरवरची घट किती? आधी लॉगच्या नियमानं तोंडी सांगा, मग मोजा.

तिसरं गणित वहीत सोडवाच. दहा लाख पट्ट्यांना जे जमत नाही ते एका ओळीत कसं जमतं, हे स्वतःच्या हातानं केल्याशिवाय पटत नाही.